पाण्याची चव घेणारं प्लास्टिक

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला धाकटी पंढरी म्हणतात. नगद नारायण महाराजांचं हे स्थान. ज्यांना पंढरपूरला जाणं जमत नाही, अशी आसपासच्या गावांतली कितीतरी माणसं आषाढी एकादशीला गडावर येतात. आषाढ म्हणजे पावसाचे दिवस. उन्हाळाभर तळ गाठलेल्या विहिरींत नुकतंच पाणी उतरलेलं असतं. पण पहिल्या पावसाचं हे पाणी शेतातलं शेणखत, कुजलेला पाला, गोठ्याजवळची घाण असं सगळं धुऊन घेऊन आलेलं असतं. तांब्यात घेतलं तर ते स्वच्छही दिसेल. मग प्यायचं की नाही?

या प्रश्नाचं उत्तर विहिरीवर उभ्या असलेल्या माणसाला तिथल्या तिथे हवं असतं. प्रयोगशाळेचं उत्तर काही दिवसांनी येतं, आणि तोवर ते पाणी पोटात गेलेलं असतं. हा मधला वेळ कमी करण्यासाठी जे प्रयत्न चालले आहेत, त्यांतल्या एकाची ओळख आज करून घेऊ. तो आहे वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकचा.

आधी पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांविषयी. सेंद्रिय म्हणजे सजीवांपासून आलेलं किंवा कार्बनच्या संयुगांनी बनलेलं. शेण, मैला, सडका पाला, साखर कारखान्याची मळी, कीटकनाशकं हे सगळे सेंद्रिय पदार्थच. ‘सेंद्रिय’ म्हटलं की आपल्याला चांगलंच काहीतरी वाटतं. शेतात ते खरंही आहे. पिण्याच्या पाण्यात मात्र नाही.

पाण्यातले सूक्ष्मजीव हे पदार्थ खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. आपल्याकडच्या तापमानाला एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. तो संपला की मासे मरतात आणि पाण्याला वास सुटतो. या वापरावरूनच घाण मोजण्याची पद्धत निघाली. तिला बीओडी, म्हणजे जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, असं म्हणतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांप्रमाणे, फक्त जंतुनाशक टाकून प्यायला घ्यायचं पाणी असेल तर मूळ स्रोताची बीओडी लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. आंघोळीच्या पाण्याला ही मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे.

ही चाचणी करायची तर पाण्याची बाटली भरून २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवावी लागते. परदेशात २० अंशाला पाच दिवस ठेवतात. दुसरी चाचणी सीओडीची. तिच्यात पाणी तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम डायक्रोमेट घालून दोन तास उकळतात. उत्तर लवकर मिळतं, पण तिला पारा आणि चांदीचे क्षारही लागतात. विहिरीच्या काठावर करण्यासारखं हे काम नाही.

टीसीएल कुठे जातं?

कुणी म्हणेल, एवढं कशाला मोजायचं? टीसीएल पावडर टाकली की झालं. इथेच खरी गोम आहे. पावडरीतला क्लोरीन जंतू मारतो हे खरं, पण तो आधी समोर दिसेल त्या सेंद्रिय पदार्थाशी संयोग पावतो. पाण्यात घाण जास्त असेल तर नेहमीच्या मापाची पावडर घाणीवरच खर्च होते आणि जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून गावातला जलसुरक्षक पावडर टाकून थांबत नाही, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घेतो. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तो उरायला हवा. शिवाय काही सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन नावाची घातक संयुगंही बनतात. पाण्यात सेंद्रिय घाण किती हे पावडर टाकण्याआधी कळलं, तर मात्रा ठरवता येईल किंवा ते पाणी सोडून देता येईल.

काळ्या भुकटीऐवजी चंदेरी पापुद्रा

आता प्लास्टिककडे वळू. विजेच्या तारेवर आपण प्लास्टिकचं आवरण घालतो, कारण त्यातून वीज जात नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत पॉलिअ‍ॅसिटिलीन बनवताना उत्प्रेरक चुकून हजारपट पडला. नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी चंदेरी चकाकीचा पापुद्रा तयार झाला. पुढे अमेरिकेत काम करणारे अ‍ॅलन मॅकडिअर्मिड टोकियोला गेले असताना त्यांच्या कानावर हे आलं. त्यांनी शिराकावांना बोलावून घेतलं. अ‍ॅलन हीगर हे पदार्थवैज्ञानिक सोबत होते. तिघांनी त्या पापुद्र्याला आयोडिनची वाफ दिली, आणि त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. हे १९७७ साली प्रसिद्ध झालं. २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

पॉलिअ‍ॅसिटिलीन हवेत टिकत नाही. म्हणून नजर गेली पॉलिअनिलिनकडे. त्याचं आपल्याशी जुनं नातं आहे. अनिलिन हे रसायन प्रथम मिळालं ते निळीतून. पोर्तुगीज भाषेत निळीला ‘अनिल’ म्हणतात. हा शब्द अरबीतून तिकडे गेला आणि अरबीत आला आपल्या ‘नीळ’ या शब्दावरून. सुती कापड काळं रंगवायला एकोणिसाव्या शतकापासून अनिलिनचा वापर होत आला आहे. तो काळा रंग वीज वाहू शकतो, हे कळायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं.

पॉलिअनिलिन आम्लात हिरवं असतं आणि त्यातून वीज वाहते. अल्कलीत ते निळं होतं आणि वीज जवळजवळ बंद होते. म्हणजे भोवतालचं रसायन बदललं की हे प्लास्टिक ते ओळखतं आणि विजेच्या भाषेत सांगतं. संवेदकाला एवढंच हवं असतं.

दोन फण्या आणि एक पापुद्रा

या संवेदकाची रचना डोळ्यांपुढे आणायची तर दोन फण्यांचे दात एकमेकांत अडकवून पाहा, पण दाताला दात लागू देऊ नका. फण्या धातूच्या आणि नखाएवढ्या. त्यांवर प्लास्टिकचा पातळसा पापुद्रा चढवायचा. एका फणीकडून दुसरीकडे जायला विजेला या पापुद्र्यातूनच वाट काढावी लागते. पाण्यातला एखादा रेणू पापुद्र्याला चिकटला की ही वाट सोपी तरी होते, नाहीतर अवघड. तेवढा फरक मीटरवर दिसतो.

पण नेमका कोणता रेणू चिकटला हे कसं कळणार? त्यासाठी तीन युक्त्या आहेत. पहिली साच्याची. ज्या पदार्थाचा शोध घ्यायचा, त्याचे रेणू सोबत ठेवूनच पॉलिपायरोलसारखं प्लास्टिक बनवायचं आणि मग ते रेणू धुऊन काढायचे. शाडूत मूर्तीचा ठसा राहावा तशा त्यांच्या आकाराच्या पोकळ्या मागे राहतात. पुन्हा तोच रेणू आला की तो तिथे चपखल बसतो.

दुसरी युक्ती विकराची, म्हणजे एन्झाइमची. काही कीटकनाशकं किडीच्या मज्जासंस्थेतलं एक विकर बंद पाडून तिला मारतात. तेच विकर पापुद्र्यावर बसवलं तर पाण्यात कीटकनाशक असताना त्याचं काम मंदावतं आणि विजेचा प्रवाह घटतो. कापसावर फवारणी होणाऱ्या आपल्या भागात हिचा उपयोग सहज ध्यानात येईल.

तिसरी युक्ती जिभेची. आमटीत मीठ किती आणि चिंच किती हे जीभ मोजत नाही, तिला एकूण चव कळते. तसे वेगवेगळ्या प्लास्टिकचे चार-सहा संवेदक एकत्र बसवायचे आणि सगळ्यांच्या उत्तरांचा मेळ संगणकाकडून लावायचा. ब्राझीलमधल्या एम्ब्रापा या शेती संशोधन संस्थेत २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अशी इलेक्ट्रॉनिक जीभ तयार झाली. पाणी, कॉफी, वाइन यांतले फरक तिला ओळखता येऊ लागले.

आपल्या जवळ, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, पदार्थविज्ञान विभागात महेंद्र शिरसाट आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं याच प्लास्टिकवर काम करत आले आहेत. पॉलिअनिलिन आणि कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या यांच्या मिश्रणावर ईडीटीए हे धातू पकडून ठेवणारं रसायन बसवून पाण्यातलं तांबं ओळखण्याचं त्यांचं काम २०१८ साली प्रसिद्ध झालं.

मग अडतं कुठे?

तांबं म्हणजे तांबं, त्याचा आयन एकसारखा असतो. सेंद्रिय घाणीत हजारो प्रकारचे रेणू असतात. एकाचा साचा करावा तर बाकीचे निसटतात, आणि सगळ्यांना पकडायला जावं तर घाण कोणती ते कळत नाही. दुसरी अडचण पाण्याचीच आहे. पॉलिअनिलिन आम्लात चांगलं चालतं, विहिरीचं पाणी मात्र साधारण उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असतं. तिथे ते मलूल पडतं. त्यासाठी त्यात आम्लधर्मी गट जोडावे लागतात किंवा दुसरं प्लास्टिक निवडावं लागतं. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, तेही मोजमापात ढवळाढवळ करतात. शिवाय पाण्यात ठेवलेल्या कुठल्याही वस्तूवर काही दिवसांत बुळबुळीत थर चढतो. संवेदकही त्याला अपवाद नाही. थर चढला की त्याचं उत्तर हळूहळू सरकत जातं, आणि खोटा दिलासा देणारं यंत्र नसलेल्या यंत्रापेक्षा वाईट.

म्हणूनच आजही हे काम मुख्यतः प्रयोगशाळेत आहे. आणखी एक गोष्ट. असा संवेदक सेंद्रिय घाण सांगेल, जंतू आहेतच असं सांगणार नाही. तो राखणदारासारखा आहे. त्याने हाळी दिली की उठून पाहायचं, पुढची तपासणी करायची.

तोवर हाताशी आहे ते वापरायला हवं. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडलेली एचटूएस बाटलीची चाचणी सोपी आहे. बाटलीत पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर मैल्याची शंका घ्यायची. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावातल्या त्या पाचजणी कोण, हे आधी विचारून घ्या. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवस तरी पाणी उकळून प्या. ओटी टेस्ट रोज होते का, हे ग्रामसभेत विचारा.

उद्या कधीतरी गडावर आलेल्या वारकऱ्याच्या तांब्यात एक पट्टी बुडेल आणि मिनिटाभरात उत्तर देईल. त्या दिवशीही विहिरीभोवतीचा उकिरडा हलवायला माणसंच लागतील. पट्टीचं उत्तर चांगलं यावं, अशी विहीर राखणं आजही आपल्याच हातात आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)