दोऱ्याच्या उंचीवर वळणारा चेंडू

३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबादला त्या मोसमातल्या आयपीएलचा पहिला सामना होता. चेन्नईकडून पदार्पण करणाऱ्या राजवर्धन हंगरगेकरने गुजरातचे तीन गडी ३६ धावांत टिपले. हा धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूरचा. त्याच्या आदल्या वर्षी, ५ फेब्रुवारीला, अँटिग्वात एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. त्याचं नाव निघालं की ताशी १४० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाची चर्चा होते. वेगाचं कौतुक व्हावंच. पण मला त्याहून थक्क करते ती त्याच्या दोन बोटांखालची शिवण.

क्रिकेटच्या चेंडूवर मधोमध टाक्यांच्या सहा रांगा असतात. त्यांचा उंचवटा जेमतेम मिलिमीटरभर. चेंडूचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम. एवढा भरीव, जड चेंडू मिलिमीटरभर दोऱ्याच्या जोरावर हवेत वाट बदलतो. नुसत्या हवेत, अजून जमिनीला शिवायच्या आधी!

याचा उलगडा क्रिकेटच्या मैदानावर झाला नाही. १९०४ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या परिषदेत लुडविग प्रांट्ल यांनी एक छोटासा निबंध वाचला. त्यांचं म्हणणं असं की, हवेतून जाणाऱ्या कोणत्याही वस्तूच्या अंगालगत हवेचा एक अतिशय पातळ थर असतो आणि मोठमोठ्या घडामोडी त्या थरातच ठरतात. चेंडूवर हा थर मिलिमीटरहूनही पातळ असतो. म्हणजे शिवण त्याच्यापुढे चांगली भिंतच झाली.

आता गोलंदाज काय करतो ते पाहा. आउटस्विंगर टाकताना तो शिवणीचं तोंड पहिल्या स्लिपकडे, साधारण २० अंशांनी वळवतो. चकचकीत बाजू उजव्या अंगाला राहते. तिच्यावरून हवा संथपणे, थरावर थर सरकावा तशी जाते. पण पृष्ठभागालगतची हवा घर्षणाने लवकरच दमते आणि चेंडूच्या निम्म्या वाटेवर पोचायच्या आतच त्याला सोडून देते. डाव्या अंगाला मात्र हवेला शिवण आडवी येते. तिथे ती अडखळते, खळबळते, आणि या खळबळीमुळे बाहेरची ताज्या दमाची हवा सारखी आत येत राहते. पालखीचे खांदे बदलत राहिले की पालखी लांबवर जाते, तसा हा थर चेंडूला धरून बराच मागपर्यंत जातो आणि मग सुटतो. एका बाजूने हवा लवकर सुटली, दुसऱ्या बाजूने उशिरा. त्यामुळे चेंडूमागचा सगळा प्रवाह उजवीकडे कलतो. हवा उजवीकडे ढकलली गेली, म्हणून चेंडू डावीकडे, स्लिपच्या दिशेने सरकतो. न्यूटनचा तिसरा नियम, दुसरं काही नाही.

हा जोर किती? चांगल्या स्विंगमध्ये तो चेंडूच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या घरात जातो. ११० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटून फलंदाजापर्यंत यायला साधारण ०.६ सेकंद लागतात. गणित मांडलं तर तेवढ्यात तो अर्धा मीटर बाजूला जातो. तिन्ही यष्ट्या मिळून रुंदी २२.८६ सेंटीमीटर, म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त! आणि याच गणितात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. जोर सारखाच राहिला तर सरकणं वेळेच्या वर्गाने वाढतं. निम्म्या वेळात चेंडू फक्त पाव वाट सरकतो आणि उरलेली पाऊण वाट शेवटच्या निम्म्या वेळात. ‘चेंडू अगदी उशिरा वळला’ असं फलंदाज म्हणतो त्यात बहुतेक वेळा हीच वक्ररेषा असते.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये हे मोजून पाहिलं गेलं. संशोधकांनी चेंडू शिवणीवर उभे धरून उतारावरून गडगडत वाऱ्याच्या बोगद्यात सोडले आणि ते किती भरकटतात ते नोंदवलं. १९८३ मध्ये ‘नेचर’ने हे काम छापलं. रवींद्र मेहता त्यातले एक. पुढे ते नासामध्ये वायुगतिकीवर काम करत राहिले. सर्वांत जास्त स्विंग मिळाला तो ताशी ११० किलोमीटरच्या आसपास, शिवण २० अंशांवर आणि चेंडूला सेकंदाला सुमारे ११ गिरक्या असताना. या गिरक्या शोभेच्या नाहीत. फिरणाऱ्या भोवऱ्याचा आस जसा डगमगत नाही, तशी त्यांच्यामुळेच शिवण हवेत ताठ राहते. मनगट जरा हललं की शिवण लटपटते आणि स्विंग संपतो.

मग १४० ने टाकणाऱ्याचं काय? वेग खूप वाढला की चकचकीत बाजूवरची हवाही शिवणीची वाट न पाहता आपोआप खळबळते. दोन्ही बाजूंतला फरक मिटत जातो. आणखी वेग वाढला तर गंमत अशी, की शिवणीच्या बाजूचा थर अडथळ्याने जाड होऊन आधी सुटतो आणि चेंडू उलट्या दिशेने वळतो. हाच रिव्हर्स स्विंग. चेंडूची एक बाजू खरबरीत झाली असेल तर तो कमी वेगातही मिळतो. म्हणून तर संघातले सगळे एकच बाजू पँटवर घासून चमकवत असतात. श्रीरामपूरचा झहीर खान या विद्येतला उस्ताद. धावत येताना तो चेंडू दुसऱ्या हाताने झाकायचा, कारण चमक कुठल्या बाजूला आहे हे फलंदाजाला दिसलं तर अर्धं गुपित फुटतं.

ढगाळ हवेत चेंडू जास्त वळतो, असं सगळेच म्हणतात. दमटपणामुळे चेंडू वळतो, हे प्रयोगांत सिद्ध झालेलं नाही. एक पटण्यासारखा तर्क असा की, तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे झोत चकचकीत बाजूचा संथ थर बिघडवतात आणि ढग आले की ते निवतात. धाराशिवकडच्या बालाघाटच्या पठारावर चैत्रातल्या दुपारी गोलंदाजी करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. शिवाय धाराशिव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच. इथली हवा मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के विरळ. अर्ध्या मीटरच्या स्विंगमधले त्यामुळे तीनेक सेंटीमीटर जातात. बॅटची कड चार सेंटीमीटरहून जाड असू शकत नाही, हे लक्षात घेतलं तर कड लागणं आणि हुकणं एवढ्यावर ठरू शकतं.

अमेरिकेतल्या बेसबॉलवर शिवण आठच्या आकड्यासारखी वळणं घेत जाते, १०८ दुहेरी टाके. तिथे शतकभर चेंडूच्या वळणाचं श्रेय फिरकीलाच दिलं गेलं. फिरणारा चेंडू हवेला एका बाजूला ओढतो, हे खरंच आहे. पण काही चेंडू त्या हिशोबात बसत नव्हते. अलीकडे युटा स्टेट विद्यापीठात बार्टन स्मिथ यांनी दाखवलं की शिवण ठरावीक जागी आली तर चेंडूमागचा प्रवाह कलतो आणि चेंडू फिरकीने ठरवलेली वाट सोडतो. क्रिकेटमधल्या गोलंदाजांच्या बोटांना हे केव्हापासून ठाऊक होतं!

गावातल्या टेनिस बॉलला अशी उभी शिवण नसते. पण अर्ध्या चेंडूवर इलेक्ट्रिकची गुळगुळीत टेप चिकटवा, अर्धा लोकरीचाच ठेवा आणि वारा पडलेला असताना, सकाळी लवकर, टेपची कड सरळ धरून टाका. कधी हळू, कधी जोरात. चेंडू कोणत्या वेगाला कुठे वळतो ते वहीत लिहून ठेवा.