वाचून दाखवणारं माणूस

आंजर्ल्यात पोस्टमन आखातातून आलेलं पत्र देऊन गेला, की माझी आई डोक्यावरची ओढणी सारखी करून वाचनालयाकडे निघायची. वडील मराठीत लिहीत. आईला अक्षरओळख नव्हती. ग्रंथपाल काका “बसा चाची” म्हणत आणि हलक्या आवाजात पत्र वाचून दाखवत. उत्तरही तेच लिहून देत. वाचनालयाची माझी पहिली ओळख ही अशी.

वाचनालयात संगणक आला तेव्हा अनेकांना वाटलं, आता पुस्तकं मागे पडणार. पण यंत्र आणि वाचनालय यांचं नातं जुनं आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला बोलावलं. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्न आणि सिनेमाची यंत्रंही गावोगाव नेली गेली. आपल्याकडे 1967 च्या ग्रंथालय कायद्यानं गावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. कोलकात्याचं राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान पुस्तकांबरोबर संगणकासाठीही साहाय्य देतं. यादी संगणकावर आली, की हवं ते पुस्तक चटकन सापडतं. पण गावाला त्याचा खरा उपयोग मी पाहिला तो वेगळ्याच वेळी.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वीज गेली, मोबाइल मुके झाले. टाळेबंदीमुळे वाचनालयही बंद होतं. तिथं काम करणारी मुलगी पडवीत खुर्ची टाकून बसली आणि कोणाची किती झाडं पडली ते वहीत लिहून घेऊ लागली. पुष्कळ दिवसांनी वीज आली, तेव्हा त्याच वहीवरून तिनं एकेकाचा सातबारा संगणकावर काढून दिला.

आमच्या शेजारच्या भाभींचा सातबारा तिनं मोठ्यानं वाचला. सामाईक जमिनीवर नावांची रांग होती. त्यात भाभींच्या नवऱ्याचं नाव होतं, भाभींचं नव्हतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. वारस नोंद राहून गेली होती, हे त्या दिवशी कळलं. कोणते कागद घेऊन तलाठ्याकडे जायचं, ते मुलीनं कागदावर लिहून दिलं. फोनवर ओटीपी आला तर तो भाभींनाच टाकायला लावी. आधार क्रमांक वहीत उतरवून ठेवत नसे. नोंद व्हायला वेळ लागला, भरपाई उशिरा आली. पण आली.

आज फोन घरोघर आहे. तरीही अर्ज समजावून सांगणारं, त्यात स्वतःचा फायदा न पाहणारं माणूस प्रत्येक घरात नसतं. म्हणून वाचनालयाला संगणक देताना तो चालवणाऱ्याच्या पगाराचाही विचार व्हावा. वीज गेली तर चालेल असा सौर दिवा असावा. आणि वही मात्र टाकून देऊ नये.

परवा त्या वाचनालयात गेलो होतो. एक म्हातारे गृहस्थ पडद्याकडे बोट दाखवून विचारत होते, “पोरी, यात काय लिवलंय?” मला आईची आठवण झाली. मुलीनं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “बसा आजोबा, वाचून दाखवते.”