मोठा टीव्ही घेताना



उसाचे बिल हाती पडले की वसमत-हिंगोलीच्या बाजारातून मोठा टीव्ही घरी आणावा असे पोराबाळांना वाटते. पैसा घामाचा आहे. आधी टेप लावून खोली मोजावी, मग दुकान गाठावे.

इंचाचे माप पडद्याच्या एका कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंत धरतात. ५५ इंची पडदा सुमारे ४ फूट रुंद भरतो. मापाच्या दीडपट, म्हणजे सात फुटांवर बसावे. फ्री डिशचे साधे चित्र ५७६ ओळींचे, फोर-के पडदा २१६० ओळींचा. म्हणून साधे चित्र मोठ्या पडद्यावर जवळून पुसट दिसते. घरात फ्री डिशच असेल, तर ४३ इंच पुष्कळ झाले.

पूर्वी मोठ्या पडद्यासाठी कपाटाएवढा प्रोजेक्शन टीव्ही असे. आतल्या आरशावरून चित्र पडद्याच्या मागून पडे. मित्सुबिशीने २०१२ साली हे संच बंद केले. जुना संच कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. बिघडला की सामान मिळणे कठीण.

वीजबचतीचे तारे पाहावेत, पक्के बिल घ्यावे. बेणे, खत व सोसायटीची बाकी बाजूला काढून उरेल त्यातच टीव्ही बसवावा, ही विनंती.