दोन बोटं, सैल तारा आणि एक जड आवाज

मुलांनो, घरात कॉलेजात जाणारा दादा असेल, तर असलं गाणं तुम्ही नक्की ऐकलं असेल. गिटार घुमतेय, ड्रम संथ पडतायत, आणि गाणारा जणू विहिरीच्या तळातून हाक मारतोय! मग स्वयंपाकघरातून आई ओरडते, "अरे, बंद कर तो गोंगाट!"

या संथ, जड संगीताला 'डूम' किंवा 'स्टोनर' रॉक म्हणतात. त्याचं मूळ सापडतं एका कारखान्यात. आपल्या बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत असतात ना, तशाच एका.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर आहे. टोनी आयोमी तिथला. जन्म १९४८ चा. सतराव्या वर्षी तो दिवसा पत्र्याच्या कारखान्यात काम करी आणि संध्याकाळी गिटार वाजवी. एका बँडबरोबर परदेशी जायचं ठरलं, म्हणून त्यानं नोकरी सोडली. कामाचा शेवटचा दिवस आला. दुपारी जेवायला घरी आल्यावर त्याला परत जावंसंच वाटेना. पण आईनं सांगितलं, काम पुरं करून ये. तो गेला.

त्या दिवशी प्रेस मशीनवरचा कामगार आला नव्हता. टोनीला त्या जागी उभं केलं. हे मशीन त्यानं पूर्वी कधी चालवलं नव्हतं. वरचा जड भाग खाली आला, त्यानं झटकन हात ओढला, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. टोनी डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका हाच!

आता गिटार विसर, असं त्याला सांगण्यात आलं. पण फॅक्टरीचा मॅनेजर एक तबकडी घेऊन त्याच्याकडे आला. तबकडी होती जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची. १९२८ साली आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, आणि तरी तो इतकं सुरेख वाजवत होता! टोनीला धीर आला.

मग सुरू झाली खटपट. त्यानं साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, बोटांसाठी टोप्या बनवल्या आणि त्यांवर कातडं चिकटवलं. जाड तारा दाबताना बोटं दुखत, म्हणून बारीक तारा लावल्या. पुढे तर त्यानं खुंट्याच सैल केल्या. गंमत इथेच आहे, बरं का! तार सैल केली की ती सावकाश थरथरते आणि आवाज जाड होतो. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा थरथरते. टोनीनं ती साधारण ६९ वर आणली. त्या खोल आवाजासाठी आज जगभरचे बँड मुद्दाम तारा उतरवतात.

टोनी, ऑझी ऑस्बोर्न, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड ही चौघंही कामगार वस्तीतली मुलं. ऑझी तर मोटारींच्या हॉर्नच्या कारखान्यात काम करून आलेला. त्यांच्या बँडचं नाव 'ब्लॅक सॅबथ'. पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० ला निघाली. तिचं रेकॉर्डिंग एका दिवसात उरकलं होतं! सुरुवातीला पाऊस, चर्चची घंटा, आणि मग गिटारचे भीतिदायक सूर. पेटी शिकणाऱ्यांनी 'सा' आणि 'तीव्र म' एकापाठोपाठ वाजवून बघा. बँडनं भीती दाखवली ती याच दोन सुरांनी. आणि आपल्या यमन रागातही हे दोन्ही सूर असतात; तिथं मात्र संध्याकाळ कशी शांत वाटते!

तेच तेच पुन्हा वाजवून ऐकणाऱ्याला गुंगवणं आपल्याला तरी कुठं नवं आहे? आपल्या जिल्ह्यातला तारपा ऐका. वादक फुंक तुटू देत नाही, आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर फिरत राहतो. वारली चित्रातला तो फेर तर तुम्ही शाळेतही काढता.

आता थोडं मोठ्या मुलांसाठी. 'स्टोनर' हा शब्द नशेवरून आला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. या बँडलाही नशेनं पोखरलं. त्यापायी १९७९ साली ऑझीला बँडमधून जावं लागलं. पण टोनीचा तो खोल आवाज नशेनं दिलेला नाही. तो दुखऱ्या बोटांनी आणि चिकाटीनं दिला. ५ जुलै २०२५ ला चौघं आपल्याच गावात शेवटचं एकत्र वाजले. आजारी ऑझी खुर्चीत बसून गायला, आणि २२ जुलैला तो गेला.

तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आई-बाबा, काका एमआयडीसीत जातात. आज त्यांना विचारा, "तुमच्या मशीनला गार्ड आहे का?" दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय चालत नाहीत, अशी प्रेस मशीन असतात. का, ते आता तुम्हीच सांगू शकाल. आणि उद्या मोठे झाल्यावर तुम्हीही लक्षात ठेवा: न शिकवलेल्या मशीनला हात लावायचा नाही, कुणी कितीही घाई केली तरी! टोनीला दुसरी वाट सापडली, पण बोटं काही परत आली नाहीत.

आणि हो, रिकाम्या डब्यावर एक रबर ताणून छेडा. मग तोच सैल करून छेडा. आवाज जाड झाला? टोनीची युक्ती तुमच्या हाती आली!