देवटेकचा लिहिलेला दगड

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुका आहे. त्या तालुक्यात देवटेक नावाचे लहानसे गाव आहे. रानाचा आणि धानाच्या बांध्यांचा हा मुलूख. या गावी एक मोठी दगडी शिळा सापडली. तिच्यावर अक्षरे कोरलेली होती. अशा कोरलेल्या मजकुराला शिलालेख म्हणतात.

ही अक्षरे कितीतरी शतके कुणालाच वाचता येत नव्हती. अडाण्यांना नाही, तशीच मोठमोठ्या पंडितांनाही नाही! कारण अक्षरांचे रूप काळाबरोबर पालटते. शिळेवरची लिपी होती ब्राह्मी. आपण आज गिरवतो ती बाळबोध अक्षरे तिच्याच पोटची. पण जुने रूप पाहाल तर चकित व्हाल. ब्राह्मीतला 'क' म्हणजे आपली बेरजेची खूण. 'ग' म्हणजे झोपडीच्या छपराची दोन पाखी. आणि 'ठ' म्हणजे नुसते वाटोळे. कलकत्त्याच्या टाकसाळीत प्रिन्सेप नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याने खूप खटपट करून १८३७ साली ही लिपी उलगडली. मग देशभरचे मुके दगड बोलू लागले.

देवटेकच्या शिळेचा अर्थ नागपूरचे संस्कृतचे प्राध्यापक वा. वि. मिराशी यांनी लावला. काही अक्षरे झिजली होती, तरी मतलब कळला. शिळेवर लेख एक नव्हे, दोन आहेत. पहिला सम्राट अशोकाच्या काळचा, म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा. भाषा प्राकृत. प्राकृत म्हणजे तेव्हाच्या लोकांची बोली. आपली मराठी तिच्यातूनच आली. हा लेख म्हणजे सरकारी हुकूम आहे. चिकंबरी या ठिकाणी जनावरे धरू नयेत, मारू नयेत, आणि जो ऐकणार नाही त्याला शिक्षा होईल, असा त्याचा आशय.

अशोकाने कलिंगच्या लढाईत माणसे मरताना पाहिली आणि त्याचे मन पालटले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. आपल्या मुदपाकखान्यातली कत्तलही त्याने कमी केली. आता रोज दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारतात, असे त्याने दुसऱ्या एका लेखात कोरून ठेवले आहे. राजाने स्वतःच्या ताटाचा हिशेब रयतेला द्यावा, हे आम्हांला मोठे नवलाचे वाटते.

दुसरा लेख त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी त्याच शिळेवर कोरला. तो वाकाटक घराण्यातला राजा रुद्रसेन याचा. चिक्कंबुरी येथे त्याचे धर्मस्थान होते, असे त्यात आहे. बघा, नाव तेच! आणि देवटेकच्या शेजारी आजही चिकमारा नावाचे गाव आहे. ते जुने नाव हेच, असे मिराशींचे मत. राज्ये बुडाली, लिपी विसरली, पण लोकांच्या तोंडी गावाचे नाव टिकले.

हा भाग म्हणजे नुसते जंगल, इथे पूर्वी काय होते, असे पुष्कळ लोक म्हणतात. या दगडाने त्यांना उत्तर दिले आहे. इथे वस्ती होती. राजाचा अंमल होता. हुकूम कोरणारा कारागीर होता, आणि तो लोकांना वाचून दाखवणाराही कुणी असणार.

मात्र दगडावर बाजू येते ती राजाची. रानातल्या शिकारीवर ज्यांची चूल पेटत होती, त्यांना हा हुकूम कसा वाटला असेल? त्यांनी काही लिहून ठेवले नाही. अशोकाच्या आणखी एका लेखात रानातल्या लोकांना समज दिलेली आहे: राजा दयाळू आहे, पण त्याच्या हाती बळही आहे. म्हणजे कुरबूर होती, एवढे नक्की.

आपल्या शेतात असा दगड, नाणी किंवा जुनी मूर्ती निघाली तर काय करावे? फोडू नये, घासू नये, पायरीला लावू नये. गुप्तधनाच्या नादाने खोदाखोद तर मुळीच करू नये. तलाठ्याला कळवावे. दहा रुपयांहून जास्त किमतीचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टरला खबर द्यावी, असा १८७८ चा कायदाच आहे.

देवटेकची शिळा पुढे नागपूरच्या मोठ्या संग्रहालयात नेली. लोक त्याला अजब बंगला म्हणतात. तिथे कधी गेलात तर जुन्या शिलालेखांत बेरजेची खूण शोधून पाहा. 'चिकंबरी' या नावात ती आहेच.