भेटीला येणारा कुत्रा आणि वाट दाखवणारा कुत्रा

कुत्रा आपल्या वस्त्यांना नवीन नाही. चाळीच्या जिन्याखाली झोपणारा, रात्रपाळीहून येणाऱ्या कामगाराला ओळखून शेपूट हलवणारा, पोरांच्या हातची अर्धी पोळी खाऊन दिवसभर दाराशी बसणारा कुत्रा प्रत्येक गल्लीत असतो. पण अलीकडे आणखी दोन प्रकारचे कुत्रे आपल्या ऐकण्यात येऊ लागले आहेत. विशेष मुलांच्या शाळेत किंवा वृद्धाश्रमात माणसांना भेटायला जाणारा कुत्रा हा एक, आणि अंध माणसाला रस्त्यातून सुखरूप घेऊन जाणारा कुत्रा हा दुसरा. पहिल्याला ‘थेरपी डॉग’ म्हणतात, दुसरा मदतनीस कुत्रा. पुष्कळ लोक या दोघांना एकच समजतात. या गैरसमजापायी गरीब कुटुंबाची पुंजी बुडू शकते आणि अपंग बांधवाचा हक्कही मारला जाऊ शकतो. म्हणून हा विषय कुटुंबातील सर्वांनी एकत्र बसून वाचावा, असे आम्हास वाटते.

मदतनीस कुत्रा कोणाचा?

मदतनीस कुत्रा हा एका ठराविक माणसाचा असतो. त्या माणसाला जे काम अपंगत्वामुळे करता येत नाही, ते काम करण्याचे त्याला शिक्षण दिलेले असते. पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांची दृष्टी गेली. त्यांच्यासाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी १९१६ साली वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची शाळा काढली. तेथून ही पद्धत पुढे पसरली.

अमेरिकेतील मॉरिस फ्रँक हा अंध तरुण. डोरोथी युस्टिस या बाईंनी या जर्मन कुत्र्यांवर १९२७ साली लिहिलेला लेख त्याला कोणीतरी वाचून दाखवला. त्याने बाईंना पत्र धाडले, तो स्वित्झर्लंडला गेला आणि १९२८ साली ‘बडी’ नावाची कुत्री घेऊन मायदेशी परतला. १९२९ मध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली, ती आजही चालू आहे. ही संस्था पहिल्या कुत्र्यासाठी विद्यार्थ्याकडून फक्त दीडशे डॉलर घेते. प्रत्यक्ष खर्च त्याच्या कितीतरी पट असतो व तो देणग्यांतून भागवला जातो. पण मनुष्याने आपला कुत्रा फुकट न घेता थोडे का होईना मोल देऊन स्वाभिमानाने घ्यावा, हा त्यामागचा विचार आहे.

अशा कुत्र्याचे शिक्षण सोपे नसते. पिल्लू साधारण वर्षभर एखाद्या कुटुंबात वाढवतात. नंतर काही महिने प्रशिक्षकाकडे त्याचे धडे होतात. शेवटी ज्याला तो द्यायचा, त्या माणसाबरोबर काही आठवडे दोघांचा एकत्र सराव होतो. फुटपाथची कड आली की थांबणे, खड्डा किंवा खांब चुकवणे, डोक्याला लागेल अशा फांदीपासून माणसाला दूर नेणे, हे त्याचे काम. कुठे जायचे, हे मात्र माणूसच ठरवतो. कुत्र्याला पत्ता कळत नाही आणि सिग्नलचा लाल-हिरवा दिवाही वाचता येत नाही. माणूस कानाने रहदारीचा अंदाज घेतो व हुकूम देतो. पण समोरून गाडी येत असेल तर कुत्रा तो हुकूम मोडतो व जागचा हलत नाही. मालकाचा जीव वाचवण्यासाठी मालकाचीच आज्ञा न ऐकणे, हा त्याच्या शिक्षणातील सर्वात मोठा धडा होय.

ऐकू न येणाऱ्यांसाठीचे कुत्रे दारावरची घंटा किंवा धोक्याचा भोंगा वाजला की मालकाला स्पर्श करून सांगतात. चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्यांसाठीचे कुत्रे पडलेली वस्तू उचलून देतात, दार उघडतात, दिव्याचे बटण दाबतात. असा कुत्रा पट्टा बांधून कामावर असताना त्याला गोंजारू नये, खाऊ घालू नये, शीळ घालू नये. त्याचे लक्ष विचलित झाले तर मालक गाडीखाली जाऊ शकतो.

थेरपी डॉग म्हणजे काय?

थेरपी डॉगचे तसे नाही. तो बहुधा कोणा स्वयंसेवकाचा घरचाच कुत्रा असतो. स्वभावाने शांत, गर्दीला, आवाजाला, अचानक झालेल्या स्पर्शाला न बिचकणारा. त्याची परीक्षा घेतात, आरोग्य तपासतात, लसी झाल्याची खात्री करतात आणि मग मालकासह तो भेटीला जातो. मालक एकच असला तरी भेट मात्र पुष्कळांसाठी असते. येथे गोंजारणे हेच काम! आजीबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा, मुलाने त्याच्याशी बोलायचे, रुग्णाने चार घटका दुखणे विसरायचे.

याचीही सुरुवात युद्धातलीच सांगतात. १९४४ साली न्यू गिनीमध्ये बिल विन या अमेरिकन सैनिकाकडे ‘स्मोकी’ नावाची इवलीशी कुत्री आली. तो आजारी पडून रुग्णालयात असता मित्रांनी तिला भेटीस आणले. मग परिचारिका तिला इतर जखमी सैनिकांकडेही नेऊ लागल्या. पुढे बोरिस लेव्हिन्सन या बालमानसशास्त्रज्ञांना अनुभव आला की, जे मूल त्यांच्याशी बोलत नसे ते त्यांच्या ‘जिंगल्स’ या कुत्र्यापाशी मोकळे होई. अमेरिकेत एलेन स्मिथ यांनी १९७६ मध्ये आणि इंग्लंडमध्ये लेस्ली स्कॉट-ऑर्डिश यांनी १९८३ मध्ये अशा भेटींसाठी संस्था काढल्या. १९९९ पासून अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी येथे वाचनात मागे पडणाऱ्या मुलांना कुत्र्याला धडा वाचून दाखवायला लावण्याचा उपक्रम सुरू झाला. कुत्रा चुका काढत नाही, हसत नाही, म्हणून अडखळणाऱ्या मुलाची भीड मोडते. आपल्याकडे मुंबई-पुण्यात मानसशास्त्रज्ञ मिनल कविश्वर यांच्या ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ने हे काम रुजवले.

एक हक्क, दुसरी परवानगी

आता मुख्य फरक पाहू. अमेरिकेत १९९० च्या अपंग नागरिक कायद्याने मदतनीस कुत्र्यासह दुकानात, हॉटेलात, दवाखान्यात, बसमध्ये जाण्याचा हक्क दिला. २०११ पासून लागू झालेल्या नियमांनुसार दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? आजाराचा दाखला मागता येत नाही, कुत्र्याचे ओळखपत्रही मागता येत नाही. मात्र नुसता जवळ असल्याने धीर येतो, एवढ्यावर तो या कायद्यात बसत नाही. थेरपी डॉगला तर असा कोणताच हक्क नाही. शाळेने वा रुग्णालयाने बोलावले तर तो जातो, नाही म्हटले तर परततो. तो पाहुणा आहे.

हा फरक पुसट झाला की नुकसान कोणाचे होते? अमेरिकेत लोक बाजारातून अंगरखा व प्रमाणपत्र विकत आणून घरच्या कुत्र्याला मदतनीस म्हणून मिरवू लागले. अखेर २०२१ पासून, केवळ मानसिक आधारासाठी पाळलेल्या प्राण्यांना मदतनीस कुत्र्याप्रमाणे नेण्याचे बंधन तेथील विमान कंपन्यांवर राहिले नाही. खोट्या कुत्र्यांमुळे खऱ्या गरजवंताकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. मॉरिस फ्रँकने गावोगाव, आगगाडीच्या डब्यापासून उपाहारगृहापर्यंत, प्रवेशासाठी झगडून हा हक्क मिळवला होता. दाराशी अडवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आमच्याकडे आलेला एक अर्ज

आम्ही पतपेढीचे काम पाहतो. मागे वस्तीतील एक ताई कर्जाचा अर्ज भरून घ्यायला आल्या. मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न, बोलत नाही. त्याच्या शाळेत महिन्यातून दोनदा कुत्रा येई. त्या दिवशी मुलगा स्वतःहून शाळेची पिशवी उचली, एवढा त्याला ओढा! हे ऐकून एका विक्रेत्याने त्यांना लॅब्रॅडॉरचे पिल्लू ‘ट्रेनिंग झालेला थेरपी डॉग’ म्हणून देऊ केले होते. “भाऊ, घरातच कुत्रा असला तर पोरगं लवकर बोलेल ना?” ताईंनी विचारले.

आम्ही कागदावर जमाखर्च मांडला. दहा बाय बाराची खोली, माणसे सहा. कुत्र्याचे खाणे, लसी, दवाखाना, कर्जाचा हप्ता. आणि दोन महिन्यांच्या पिल्लाला कसले आले शिक्षण? त्याचा स्वभाव कसा निघेल, हेही तेव्हा सांगता येत नाही. शाळेतला कुत्रा वयात आलेला, पारखलेला, आणि तेथे शिक्षिका त्याच्या मदतीने मुलाकडून शब्द काढून घेणारी. भेटीने भीती कमी होते, मन रमते, याला आधार आहे. पण तो उपचाराचा सोबती आहे, उपचाराची जागा घेणारा नव्हे. ताईंनी दोन दिवस विचार केला व अर्ज परत नेला. ते पैसे त्यांनी वाचा-उपचारासाठी ठेवले. मुलगा अजून फारसा बोलत नाही, पण कुत्र्याला त्याच्या नावाने हाक मारतो. शाळेतल्या कुत्र्याची भेट चालूच आहे, फुकट.

पालकांनी काय पाहावे?

शाळेत वा संस्थेत कुत्रा येणार असेल तर विचारण्यात संकोच नको. रेबीजची लस कधी दिली? कुत्र्याबरोबर त्याचा माणूस पूर्ण वेळ असतो काय? भेटीनंतर मुलांचे हात धुतात काय? दमा, ॲलर्जी, उघडी जखम किंवा कमी झालेली प्रतिकारशक्ती असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. मूल घाबरत असेल तर जबरदस्ती नको, लांबून पाहू द्या. कुत्र्याच्याही थकव्याचा विचार व्हावा. अमेरिकेतील ‘पेट पार्टनर्स’ ही संस्था एका दिवसात दोन तासांहून अधिक काम कुत्र्याला देत नाही. जांभया, ओठ चाटणे, तोंड फिरवणे ही तो कंटाळल्याची खूण. आणि शाळेतला कुत्रा शांत आहे म्हणून रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याला हात लावायचा नाही, हे मुलांना बजावून सांगा. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी वा पालिकेच्या दवाखान्यात लस घ्यावी.

आपल्या देशात मदतनीस कुत्रे फार थोडे आहेत. म्हणून कोणी पैसे घेऊन ‘मिळवून देतो’ म्हणाला तर सावध राहावे. जे हाताशी आहे ते आधी घ्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे मान्य आहेत व स्वमग्नता त्यात आहे. प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून घ्या. मुंबईत अंधांना पांढऱ्या काठीने चालण्याच्या शिक्षणासाठी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे, वांद्रे येथे वाचा व श्रवणदोषासाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. कागदपत्रे भरता येत नसतील तर आपल्या वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी एक रविवार त्यासाठी द्यावा.

भेटीला आलेल्या कुत्र्याचे प्रेमाने स्वागत करावे. कामावर असलेल्या कुत्र्याला मात्र वाट मोकळी करून द्यावी, कारण त्याच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस स्वतःच्या पायांवर चालत असतो.