सोडविलेल्या सशाची पुढची दहा वर्षे

पर्युषणपर्वात किंवा घरातील मंगलप्रसंगी जीव सोडविण्याची चाल जैन व्यापारी घराण्यांत फार जुनी आहे. सोडविलेल्या जीवाला पुढे ठेवावयाचे कोठे, हा प्रश्नही पूर्वजांनी वाऱ्यावर सोडला नव्हता. मुंबईत १८३४ साली जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने पांजरपोळाची स्थापना झाली. गाय, बैल, शेळी, कबूतर यांची व्यवस्था अशा संस्थांत होऊ शकते. ससा मात्र तेथे रुळत नाही. उघडे गोठे, खुरांची वर्दळ, कुत्र्यामांजरांचा वावर आणि उन्हाचा ताप यांत तो फार दिवस तग धरत नाही. म्हणून सोडविलेल्या सशाचा प्रश्न अखेर कोणातरी कुटुंबाच्या दिवाणखान्यात येऊन थांबतो.

अनेकांना वाटते, ससा रानातला. त्याला शेतात किंवा डोंगरावर सोडून दिले की पुण्य पदरी पडले. हा समज सशाच्या जिवावर बेततो. आपल्या रानात धावणारा करडा-तपकिरी ससा वेगळ्या जातीचा असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे; त्याला पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. बाजारातील ससा मूळचा युरोपातला, शेकडो वर्षे माणसाने पिंजऱ्यात वाढविलेला. पांढरा शुभ्र रंग दुरूनही नजरेत भरतो, आणि कुत्रे दिसले असता काय करावे हे त्याला ठाऊक नसते. रानात सोडलेला असा ससा बहुधा काही दिवसांतच कुत्र्याच्या किंवा घारीच्या तोंडी जातो. याला अभयदान म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट व्यापाऱ्याला सांगण्याची गरज पडू नये. आठवडी बाजारात दया येऊन विक्रेत्याकडून चार ससे विकत घेतले, तर पुढच्या बाजारी तो आठ घेऊन येतो. मादी सुमारे एकतीस दिवसांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले देते आणि विल्यानंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. चक्रवाढ व्याजाचा हिशेब ज्यांना येतो, त्यांनी ही आकडेमोड स्वतःच करावी. म्हणून पैसे मोजून सोडविण्यापेक्षा, ज्याला आता कोणीच मालक उरलेला नाही असा ससा घरी आणणे अधिक योग्य ठरते.

असे ससे अनेक वाटांनी येतात. पिल्ले परत विकत घेण्याची हमी देणाऱ्या ससेपालनाच्या योजना बुडाल्या, की पिंजरे तसेच राहतात. काही ससे प्रयोगशाळांतून येतात. प्राण्यांवरील प्रयोगांबाबत जगभर मान्य झालेल्या पर्याय, घट आणि सुधारणा या तीन तत्त्वांना भारताने पुनर्वसनाचे चौथे तत्त्व जोडले आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर तर २०१४ पासून बंदीच आहे. या दोन्ही ठिकाणांहून येणारा ससा प्रायः ‘न्यूझीलंड व्हाइट’ जातीचा असतो. नाव न्यूझीलंडचे असले तरी ही जात अमेरिकेत तयार झाली. पांढरा, लालसर डोळ्यांचा, चार ते पाच किलो वजनाचा. सशाचे चित्र मुठीत मावणाऱ्या पिलाचे असते, त्यामुळे तान्ह्या बाळापेक्षा जड असा हा प्राणी पाहून घरची मंडळी चकित होतात.

या वजनामुळे काही गोष्टी लहान सशापेक्षा वेगळ्या होतात. सशाच्या पायांना कुत्र्यासारख्या गाद्या नसतात, केसच असतात. गुळगुळीत लादीवर तो घसरतो; जाळीच्या तळावर बसून बसून जड सशाच्या टाचांना जखमा होतात. म्हणून सतरंजी किंवा चटई हवी. कान धरून उचलणे तर क्रूरपणाच. मागील पायांना आधार दिला नाही, तर झटका मारताना त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. लहान मुलांनी त्याला उचलू नये, हा नियम पहिल्या दिवशीच ठरवावा. विजेच्या तारा मात्र सशाला शिकवून वाचत नाहीत. त्या झाकाव्याच लागतात. सोलापूर-नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरची खोली त्याला द्यावी लागते, कारण त्याला घाम येत नाही आणि उष्णता बाहेर टाकायला मुख्यतः कानच असतात.

आहाराच्या बाबतीत जैन स्वयंपाकघर सशाला सोयीचे आहे. ज्या गाजरासाठी तो प्रसिद्ध, त्याची त्याला गरज नाही. गाजरातील साखर उलट बाधते. कांदा-लसूण त्याला विषासमान, बटाटाही वर्ज्य. कंदमूळ घरात येत नसेल तर सशाचे काही अडत नाही. त्याचे खरे अन्न वाळलेले गवत. रोज त्याच्या देहाएवढा ढीग त्याच्यापुढे असावा, कारण दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते गवतानेच झिजतात. सोबत हराळी, कोथिंबीर, पुदिना. चातुर्मासात पालेभाजी न आणणाऱ्या घरांनी पाला एकदम बंद न करता हळूहळू कमी करावा; गवत उत्तम असेल तर ससा निभावून नेतो. पावसाळ्यात गवताला बुरशी लागते, म्हणून दुकानाच्या वखारीत धान्याची पोती ठेवतात तसे ते फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावे.

घात होतो तो प्रेमाने. आजी पोळीचा तुकडा देते, नातू बिस्किट, दुकानातला नोकर मूठभर हरभरे. सशाला उलटी होत नाही. पिष्ट आणि गोड पदार्थांनी त्याचे आतडे मंदावते, पोटात वायू धरतो आणि ससा खाणे सोडतो. दहा-बारा तास त्याने काही खाल्ले नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती आणीबाणी समजावी. उपवासाचे माहात्म्य सशाला लागू नाही. शिकार होणारा प्राणी असल्याने तो दुखणे लपवितो, आवाज करीत नाही. रोज सकाळी लेंड्यांवर नजर टाकणे हाच त्याच्या प्रकृतीचा पासबुकावरील शेरा. माणसांना सर्रास दिल्या जाणाऱ्या अमॉक्सिसिलिनसारख्या गोळ्या त्याला तोंडाने दिल्यास प्राणघातक ठरतात, आणि कुत्र्यांसाठी वापरला जाणारा फिप्रोनिलचा गोचीडनाशक फवाराही तसाच.

नसबंदीचा प्रश्न अनेक कुटुंबांत अडखळतो. निरोगी जीवावर शस्त्र चालवावे काय, ही शंका वडीलधारी मंडळी मनापासून विचारतात आणि ती हसण्यावारी नेऊ नये. परंतु शस्त्रक्रिया न केलेल्या मादीस तीन-चार वर्षांनंतर गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका फार मोठा असतो. आणि जोडी एकत्र असेल तर जन्मणाऱ्या प्रत्येक पिलाला घर कोण देणार, हा प्रश्न उरतोच. जोडी ठेवणे मात्र इष्ट, कारण ससा एकटा झुरतो. पशुवैद्य निवडताना एक साधा प्रश्न विचारावा: शस्त्रक्रियेआधी सशाला रात्रभर उपाशी ठेवायचे काय? ‘हो’ म्हणणाऱ्याला सशांचा अनुभव नाही असे समजावे.

आठ ते दहा वर्षांची ही जबाबदारी घरातील नेमक्या एका प्रौढ व्यक्तीच्या नावावर असावी. मुलगा बारावीला जाईल, मुलगी सासरी जाईल, शिखरजीची यात्रा निघेल. त्या पंधरा दिवसांत गवत कोण घालणार हे आधीच ठरलेले बरे.

नव्या घरात आलेला ससा पहिले काही आठवडे कोपरा सोडत नाही. कुकरची शिटी झाली की मागचा पाय जमिनीवर आपटून सगळ्यांना धोक्याची सूचना देतो. त्याच्यामागे न लागता जमिनीवर बसून आपले काम करीत राहावे. दुकानाच्या वह्या पाहण्यास ती वेळ चांगली. काही दिवसांनी तो येऊन कागद हुंगतो, कडा कुरतडतो. मग एखाद्या दुपारी चालता चालता अचानक कुशीवर धाडकन पडतो आणि डोळे मिटून निश्चल राहतो. घरात हाहाकार उडतो, पशुवैद्याला फोन जातो. ससा निर्धास्त झाला की असाच झोपतो, हे त्यानंतर कळते.